भाड्याची सासू

समुद्रकाठच्या त्या गावात हंगाम सुरू झाला, की आईबाईला एकदम लेकी व्हायच्या. एरवी एकटा जीव सदाशिव. पण थंड मुलखातली विमानं उतरू लागली, की बघता बघता तिचं घर भरून जायचं. कुणी ताडमाड, कुणी ठेंगणी, कुणी सावळी, कुणी लख्ख गोरी. एकीचं नाक दुसरीच्या नाकाशी जुळलं असतं तर शपथ. पण ही गोष्ट कुठल्याही पाहुण्याला कधी खटकली नाही, कारण पाहुणा नाकं बघायला आलेलाच नसायचा.

समुद्रासमोरच्या रस्त्यावर मोठी हॉटेलं, छत्र्या, आइस्क्रीमच्या गाड्या आणि उन्हात भाजून लाल झालेली कुटुंबं. त्याच्या मागच्या गल्लीत लॉज, मसाजची दुकानं आणि बार. बारमध्ये मुली बसत. तासाभरासाठी येणारी गिऱ्हाइकं होतीच, पण गल्लीचा खरा जीव होता तो मुक्कामी गिऱ्हाइकांत. वर्षभराची सुट्टी साठवून येणारे, पन्नाशी उलटलेले, एकटे पुरुष. असा माणूस पहिल्या दिवशी एक मुलगी पसंत करायचा, आठवडाभर तिच्या हातात हात घालून वाळूत हिंडायचा, आणि मग स्वतःच स्वतःची समजूत घालायचा की हा व्यवहार नाही, हे प्रेम आहे. आता प्रेम म्हटलं की घरचं कुणीतरी हवंच. आईबाईचा प्रवेश तिथे व्हायचा.

तीही एके काळी त्याच बारमध्ये बसलेली. वय सरलं तशी ती बारमधून उठली आणि लॉजवर चादरी बदलू लागली. एका दुपारी एक मुलगी सुजलेला गाल घेऊन तिच्याकडे आली. म्हणाली, "मावशी, घटकाभर माझी आई होशील? तो दारू प्याला की हात उचलतो. माझं घरदार आहे, मागे कुणी आहे, एवढं त्याला दिसू दे."

आईबाई हातातल्या चादरी खाली ठेवून खुर्चीत बसली. ओठ घट्ट मिटले, हात मांडीवर ठेवले आणि आलेल्या माणसाकडे नुसतं पाहिलं. बस्स. त्या धिप्पाड गड्याने सिगरेट विझवली, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावली, आणि जाईपर्यंत पोरीच्या केसालाही धक्का लावला नाही. पैलवान ठेवून जे झालं नसतं ते एका म्हातारीने खुर्चीत बसून केलं. गल्लीला अक्कल आली. जिला आई आहे, तिच्यावर हात टाकताना पुरुष दोनदा विचार करतो.

तेव्हापासून हा खेळ सुरू झाला तो हाउसफुल्ल. लॉजमागच्या दोन खोल्यांपैकी पुढची 'घर' म्हणून सजवली. सोफ्यावर विणलेला पांढरा अभ्रा घातला. भिंतीवर कैलासवासी यजमान टांगले. हे यजमान फोटो स्टुडिओतून आणलेले. कुणा मिशाळ गृहस्थाने फोटो काढला आणि न्यायलाच आला नाही. एका लेकीचे ते बोटीवर बुडालेले वडील, दुसरीचे शाळामास्तर, तिसरीचे हृदयविकाराने गेलेले. गृहस्थ बहुधा कुठेतरी ठणठणीत असावेत. इथे मात्र दर हंगामाला नव्या तऱ्हेने मरत.

जावई मंडळी हळव्या मनाची. सासूला रक्तदाब आहे कळलं, की पुढच्या खेपेला रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन हजर. आईबाईचं कपाट त्या यंत्रांनी भरलं होतं. गल्लीत कुणाला जरा गरगरलं, की पोरं धावत तिच्याकडे येत आणि ती एका दंडाला एक, दुसऱ्याला दुसरं लावून दोन्ही आकड्यांची बेरीज-वजाबाकी करून औषध म्हणून लिंबाचं सरबत पाजत असे.

दोन जावई एका वेळी येऊ नयेत ही जबाबदारी लॉजच्या मॅनेजरची. तो पुढच्या दारातून एकाला आत घेई आणि मागच्या दाराने आधीच्याला काढी. आणि एक नियम अगदी कडक: आईबाईला परदेशी भाषेचं अक्षरही कळत नाही. लेक सांगेल तेवढंच कळायचं. खरं म्हणजे उभा जन्म त्या गल्लीत गेल्यावर तिला त्या लोकांच्या शिव्यांपासून अंगाईपर्यंत सगळं कळत होतं. पण न कळणाऱ्या म्हातारीसमोर माणूस मनातलं बोलतो. पुष्कळ पोरी त्यामुळे वाचल्या होत्या. "हा नको. ह्याच्या घरी बायको आहे, फोनवर तिला 'मीटिंगमध्ये आहे' म्हणाला," असं ती नंतर सांगे.

चष्मिश तिच्याकडे आली ती अशाच एका हंगामाच्या मध्यावर. तिशी ओलांडलेली, अबोल, नाकावर सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारख्या काचांचा चष्मा. कामावर जाताना ती चष्मा पर्समध्ये ठेवायची आणि मग भलत्याच टेबलावर जाऊन भलत्याच्याच गळ्यात पडायची. एकदा तर खांबाशी हसून बोलली होती. तिचा माणूस नळ दुरुस्त करणारा प्लंबर. अवाढव्य देह, पण बोलायला लागला की शाळेत पहिल्या दिवशी आलेल्या पोरासारखा. हे त्याचं लागोपाठ तिसरं वर्ष. आणि गल्लीने टिपलेली गोष्ट म्हणजे, ह्याच्यासमोर चष्मिश चष्मा काढत नसे.

"आईबाई, तो मागणी घालायला येतोय," ती म्हणाली. "घेऊन जातो म्हणतोय. कायमचं."

"मग रडतेस कशाला, मेले? पेढे... नाही, जाऊ दे. चहा टाक."

"त्याला मी सगळं सांगितलंय. कुठून आले, का आले, किती जण झाले. एक शब्द लपवला नाही. तो म्हणाला, मला सगळं चालेल, पण खोटं चालणार नाही. त्याची पहिली बायको दुसऱ्याकडे जायची आणि सांगायची बहिणीकडे जाते. ती गेली, पण त्याच्या मनातून ते जात नाही."

"मग अडचण काय?"

"तू."

आईबाईने चहासाठी घेतलेला कप खाली ठेवला.

"पहिल्या वर्षी ओळख नव्हती, तेव्हा सांगून बसले ना मी, माझी आई आहे म्हणून. मग दर पत्रात आई अशी आहे, आई तशी आहे. आता तुला भेटल्याशिवाय तो हलणार नाही."

"सांगून टाक त्याला."

"आणि तो उठून गेला म्हणजे?"

"आणि उद्या त्या बर्फात जाऊन त्याला कळलं म्हणजे? मग कुठे जाशील, अस्वलाच्या घरी?"

"लग्न झालं की सांगेन," चष्मिश म्हणाली. तिच्या चष्म्याआडचे मोठाले डोळे भरून आले होते. "एकदाच हो ना माझी आई. नीट हो. आजवर कुणाची झाली नसशील अशी."

प्लंबर आला तो इस्त्रीचा शर्ट घालून, घामाने डबडबलेला. सोफ्यावर अर्धाच टेकला, कारण पूर्ण टेकला असता तर सोफा पूर्ण बसला असता. आईबाई सुईत दोरा ओवत होती. हातात काम असलेली आई जास्त खरी वाटते हे तिला पक्कं ठाऊक. तिने एका झटक्यात दोरा ओवला आणि मान हलवून हसली. भेट उत्तम चालली होती. तेवढ्यात प्लंबरने कान टवकारले. आतल्या खोलीतला नळ ठिबकत होता. थोडा वेळ त्याने सोसलं. मग चष्मिशच्या कानाशी काही पुटपुटला.

"तो विचारतोय, नळ बघू का?" चष्मिश म्हणाली.

"बघ म्हणावं. जावई माणूस, घर त्याचंच."

प्लंबरने खिशातून पाना काढला. हा माणूस मागणी घालायलाही पाना घेऊन आला होता, हे पाहून आईबाईला तो एकदम आवडला. तो आत जाऊन ओट्याखाली शिरला. बाहेरून त्याचे फक्त बूट दिसत होते.

नेमक्या त्याच वेळी मॅनेजर बाजारात गेलेला आणि पुढचं दार उघडं. त्या दारातून भलामोठा केक सावरत पाववाला आत आला. हा गुलछडीचा, म्हणजे आईबाईच्या आणखी एका लेकीचा, माणूस. आयुष्यभर बेकरी चालवून निवृत्त झालेला, गोल, गुलाबी, सदा आनंदी. गुलछडीने त्याला सहज बोलण्याच्या ओघात सांगितलं होतं, की आईचा वाढदिवस ह्याच आठवड्यात असतो. गुलछडी मागून धापा टाकत, डोळे वटारून खुणा करत येत होती.

आईबाईने हातातल्या सुईकडे पाहिलं. कारण गुलछडीची आई आंधळी होती.

क्षणाचाही विलंब न लावता तिने सुईदोरा हातातून गळू दिला, नजर छताकडे लावली आणि हवेत हात फिरवत कापऱ्या आवाजात म्हणाली, "कोण आलंय गं, गुल?"

"जावई आलेत, आई!" गुलछडी ओरडली. आंधळ्या माणसाशी मोठ्याने बोलावं लागतं अशी तिची समजूत होती.

पाववाल्याने केक टेबलावर ठेवला आणि म्हातारीचे दोन्ही हात धरून त्यांवर टपटप आसवं गाळली. आणि आतून ओट्याखालून प्लंबर बाहेर आला. हातात पाना, कपाळाला काजळी. ओवलेला दोरा त्याच्या पायाशी पडला होता आणि मघाशी तो दोरा ओवणारी सासू भिंतीला चाचपडत उभी होती.

पाववाल्याने त्याला पाहिलं. चष्मिशला पाहिलं. मग त्याचा चेहरा उजळला.

"तुम्ही पण ह्याच घरचे?" त्याने त्यांच्या भाषेत विचारलं. "थोरलीचे का धाकटीचे?"

प्लंबर गोंधळला. "हिचा," तो चष्मिशकडे बोट दाखवून म्हणाला.

"म्हणजे आपण साडू!" असं म्हणून पाववाल्याने त्याला कवटाळलं. त्यांच्या भाषेत साडूला इतका सुटसुटीत शब्द नाही, पण त्याची मिठी बघता नेमका अर्थ तोच होता. बिचारा एकुलता एक, आईबापांमागे कुणी नाही. ह्या वयात सख्खा साडू मिळाला म्हणजे लॉटरीच. "दुसरा एक आपल्याकडचाच बसड्रायव्हर समोर कॉफी पितोय," तो म्हणाला. "बिचाऱ्याची सासू गेल्या वर्षी गेली. त्यालाही बोलावतो. अशा वेळी माणसांत बसावं."

गुलछडीने त्याचा शर्ट ओढून धरला. आईबाई आंधळेपणा विसरून थेट दाराकडे धावली. पण तो खिडकीतून हाक मारून मोकळा झाला होता.

बसड्रायव्हर हा लांबी नावाच्या तिसऱ्या लेकीचा माणूस. लांबीने गेल्या हिवाळ्यात आईला मारून टाकलं होतं. "सारखी आजारपणं सांगून मीच दमले," असं तिचं म्हणणं. बसड्रायव्हरने फुलांचं चक्र पाठवलं होतं, त्याच्या फितीवर सोनेरी अक्षरांत 'पूज्य मातोश्रींस' असं छापून. तेच चक्र कपाटावर वाळत पडलेलं. तो दारात आला, भिंतीवरच्या मिशाळ सासऱ्याला त्याने ओळखलं, मग नजर खाली आणली तर सासू उभी. केकसमोर.

तो नुसता खाली बसला. खुर्ची नव्हती तिथे बसला.

"मावशी आहे!" लांबी मागून किंचाळली. "आईची जुळी बहीण! हुबेहूब!"

"आणि तो फोटो?" बसड्रायव्हर जमिनीवरून म्हणाला.

"त्यांनी... दोघींनी जुळ्या भावांशी लग्न केलं."

पाववाला त्याला उठवत, टाळ्या पिटत म्हणाला, "जुळ्यांशी जुळ्या! केवढं मोठं कुटुंब!" त्याच्या आनंदाला पारावार उरला नाही. तिघे साडू! त्याने मेणबत्त्या काढायला घेतल्या.

आईबाईने आंधळ्या नजरेच्या कोपऱ्यातून प्लंबरकडे पाहिलं. तो हसत नव्हता. डोळस सासू आंधळी झाली, मेलेली उठली, आणि हे सगळं एक नळ दुरुस्त होण्याच्या आत. तो मुकाट्याने वळला आणि आतल्या खोलीत गेला, नळ अर्धवट राहिला होता म्हणून. चष्मिश त्याच्यामागे गेली. आईबाई भिंत चाचपत, "पाणी... पाणी हवं गं," म्हणत तिच्यामागे.

आत तो ओट्याशी पाठमोरा उभा होता. "तुझ्या आईला विचार," तो चष्मिशला म्हणाला, "तिचे डोळे कधी गेले?"

चष्मिशने तोंड उघडलं. आईबाईला त्या उघड्या तोंडात येऊ घातलेलं वाक्य अख्खं दिसलं. काहीतरी अचानक, काहीतरी मोतीबिंदू. हे वाक्य बाहेर पडलं की पोरगी त्याच्यासोबत जाईल, आणि ते वाक्य तिच्यासोबत जाईल.

"तिला विचारू नकोस," आईबाई म्हणाली. "मला विचार."

हे ती त्याच्या भाषेत म्हणाली. स्वच्छ, अस्खलित. बंदरावरच्या हमालांचे हेल होते, पण अस्खलितच. पाना त्याच्या हातातून बेसिनमध्ये पडला.

"ती माझी मुलगी नाही. बाहेरच्या दोघीही नाहीत. मला पोरबाळ झालंच नाही. मी ह्या गल्लीतल्या पोरींची भाड्याची आई आहे. ह्या पोरीला तुला सगळं सांगायचं होतं. मीच तिला गप्प बसवलं. रागवायचं तर माझ्यावर रागाव."

"खोटं बोलतेय ही," चष्मिश म्हणाली.

"तू गप्प बस."

"नाही बसत. ही मला म्हणाली होती, सांगून टाक. मीच घाबरले. तुला तीन वर्षं सगळं खरं सांगितलं आणि हे एक खोटं. ते माझं आहे. हिचं नाही."

बाहेर पाववाला वाढदिवसाचं गाणं कुठल्या पट्टीत म्हणायचं ह्यावर बसड्रायव्हरशी वाद घालत होता. प्लंबरने बेसिनमधून पाना उचलला. नळाची चकती बसवली. चावी घट्ट केली, सोडली, पुन्हा घट्ट केली. आईबाईला त्याच्या पाठीवरून काहीच कळेना. आजवर इतक्या पुरुषांची मनं वाचली, पण हा बाबा कोऱ्या भिंतीसारखा. चष्मिशने चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला. तिला बघायचं होतं, काय होईल ते.

ठिबकणं थांबलं. त्याने ओला हात शर्टाला पुसला.

"मग मी मागणी कुणाकडे घालू?" त्याने विचारलं.

चष्मिश म्हणाली, "हिच्याकडेच. मला दुसरं कुणी नाही."

तो आईबाईकडे वळला. टाचा जुळवल्या आणि म्हणाला, "बाई, मी हिच्याशी लग्न करू का?"

आता गंमत अशी, की हे वाक्य आईबाईने असंख्य वेळा ऐकलेलं. त्याला द्यायची उत्तरं तयार होती, हुंदका कुठे द्यायचा तो तयार होता. आणि आज ती उभी राहिली ती ठोंब्यासारखी. एक ओळ आठवेना. मग तिच्या तोंडून जे निघालं ते तिने कधीच बसवलेलं नव्हतं.

"घोरतोस का?"

"थोडा."

"थोडा नाही," चष्मिश म्हणाली.

"घराला ऊन येतं?"

"उन्हाळ्यात. स्वयंपाकघरात."

"आणि बाकीचं वर्ष? दारू?"

"शनिवारी बियर."

"हात उचलतोस?"

"नाही."

"भिंतीवर? दारावर? भांडी आपटतोस?"

त्याने विचार केला. "एकदा टोस्टर फेकला होता. खिडकीतून. तेव्हा घरात कुणी नव्हतं."

आईबाईला हे उत्तर पटलं. जो काहीच फेकत नाही तो तिला जास्त धोक्याचा वाटे. "ऐक," ती म्हणाली. "तिचं तिकीट येण्याजाण्याचं काढायचं. परतीचं तिच्या पर्समध्ये राहील. तू मागायचं नाहीस, कुठे आहे विचारायचंही नाहीस. आणि तिला तिथली भाषा शिकायला घाल, तुझी ही नळवाल्याची मोडकी नको. हे जमत असेल तर ने."

"जमेल."

"मग काय, माझी ना नाही." आणि चष्मिशकडे वळून आपल्या भाषेत, "नाक पूस. लग्नाच्या पोरीने शेंबडं दिसू नये."

बाहेरून हाक आली. मेणबत्त्या पेटल्या होत्या. चष्मिशने दाराकडे पाहिलं. "आता त्या दोघांना पण सांगणार?"

"वेडी आहेस? गुल आणि लांबीचा हंगाम माझ्या बोलण्यावर मोडू? त्यांचं खरंखोटं त्यांनी ठरवावं." तिने डोळे छताला लावले, हात पुढे केला. प्लंबरने त्या हाताकडे पाहिलं. ज्याला आयुष्यात एकच गोष्ट सहन होत नव्हती, त्याने एक मोठा सुस्कारा सोडला आणि म्हातारीचं कोपर धरलं.

"उंबरठा आहे," तो अवघडून म्हणाला. "जपून."

"मला दिसतोय," ती कुजबुजली. "चल."

हंगाम संपता संपता चष्मिश गेली. गल्लीने तिला बसपर्यंत पोचवलं. पाववाल्याने साडूला वाटेत खायला पावांची पिशवी भरून दिली. बसड्रायव्हर मात्र शेवटपर्यंत आईबाईपासून दोन हात लांबच उभा राहिला.

पुढल्या हंगामात मॅनेजरने नवा जावई आणला. सरकारी नोकरीतला, संशयी, प्रश्न विचारणारा. त्याच्या प्रश्नांची कटकट नको म्हणून ह्या वेळची आई ठार बहिरी ठेवली होती. आईबाई सोफ्यावर ठोकळ्यासारखी बसली. तो तिच्या कानाशी टाळी वाजवून पाहत होता. पापणी हलली नाही. नवी मुलगी खाणाखुणांनी सांगत होती, आईला लहानपणापासून ऐकूच येत नाही.

आतल्या खोलीत फोन वाजला.

आईबाई अशी उडाली, की तिच्या मांडीवरची बशी थेट जावयाच्या बुटावर. ती आत धावली. दार लावायचंही तिच्या लक्षात आलं नाही.

"हां, बोल बाळा! ऐकू येतंय, ऐकू येतंय, तू बोल! जेवलीस का? बर्फ? किती बर्फ? आणि तो? घोरू दे, कुशीवर वळव त्याला. परतीचं तिकीट कुठे ठेवलंयस? ... हरवलंस? आगं भवाने, हरवलंस म्हणजे काय! ... शोधायचंच नाही म्हणजे? ... बरं. बरं बाई. राहू दे मग."

जावई दारात येऊन उभा राहिला होता, तोंडाचा आ करून. नवी मुलगी त्याच्यामागे भिंतीला टेकून रडावं की हसावं ह्या विचारात. आईबाईने त्याच्याकडे पाहिलं, ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प राहायची खूण केली, आणि पाठ फिरवून फोन दुसऱ्या कानाला लावला.